खटल्यात आधी कोणी बोलायचे?

आमच्या धर्माबादच्या बाजारात मिरचीचे पोते उघडून माल तळहातावर घेतल्याखेरीज कोणी भाव बोलत नाही. माल ज्याचा, त्याने तो आधी दाखवावा. फौजदारी न्यायालयाचा पहिला नियमही याहून फारसा निराळा नाही. 'या माणसाने गुन्हा केला' असे सरकार म्हणते. तेव्हा पुरावा सरकारने द्यायचा. आरोपी 'गुन्हा कबूल नाही' एवढे म्हणून स्वस्थ बसला, तरी चालते. 'निर्दोष असता तर बोलला नसता का?' हा सवाल चावडीवर शोभतो, न्यायालयात नाही.

साक्षीपुराव्याचा क्रमही तसाच आहे. सत्र न्यायालयात आरोपीने आरोप नाकारला की सरकारी वकील आपले साक्षीदार एकेक करून उभे करतो. त्याने घ्यायचा तो सरतपास. त्यात साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारे प्रश्न एरवी विचारता येत नाहीत. मग बचावाचा वकील उलटतपास घेतो. त्याला मात्र तशा प्रश्नांची मुभा असते. काही उलगडा राहिला तर फेरतपास. 'साक्षी' या शब्दात 'अक्ष' म्हणजे डोळा दडलेला आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. स्वतः पाहिलेले सांगावे; शेजाऱ्याने सांगितलेले सहसा पुराव्यात धरत नाहीत.

सरकारचा पुरावा संपला की न्यायाधीश त्यातील मुद्दे आरोपीपुढे ठेवून त्याचे म्हणणे विचारतात, तेही शपथ न देता. आरोपीविरुद्ध काहीच पुरावा आला नाही असे दिसले, तर तो तेथेच सुटतो. नाहीतर बचावाची पाळी येते. त्या वेळी साक्षीदार आणावेत की नाहीत, हे आरोपीने ठरवायचे.

मग आरोपीवर कसलाच भार नसतो काय? असतो, आणि तो कोणता हे नानावटी खटल्याइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. आहुजा मरण पावले. आपल्या पत्नीचे त्यांच्याशी संबंध आहेत, हे नानावटींना त्याच दिवशी कळले होते. बचाव असा, की झटापटीत पिस्तूल उडाले. तो अपघात होता. सारी मुंबई हळहळली, आणि ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष' असा कौल दिला.

सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे असे आढळले, की अपघात शाबीत करण्याचा भार कोणावर, हे ज्यूरीला नीट समजावलेच नव्हते! मग पुरावा नव्याने वाचला गेला. पिस्तूल जहाजावरून खोटे कारण सांगून आणलेले. गोळ्या तीन. स्नान करून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी. झटापटीत तो सुटला नसता का? आणि बाहेर पडताना 'अपघात झाला' असे नानावटी कोणालाही म्हणाले नाहीत. १९६० साली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्या निकालात या भाराची फोड केली आहे. गुन्हा शाबीत करण्याचा मूळ भार सरकारवरच राहतो. तो कधी हलत नाही. 'अपघात होता' यासारखा अपवाद आरोपी पुढे करतो, तेव्हा तेवढ्यापुरता भार त्याच्यावर येतो. पण तो अपवाद पुरता शाबीत झाला नाही, तरी त्याच पुराव्याने गुन्ह्याच्या मूळ हेतूविषयीच रास्त संशय उभा राहिला, तर त्या संशयाचा फायदा आरोपीलाच!

ज्यूरी पुढे गेली. १८७२चा पुराव्याचा कायदाही गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. भाराचे हे तत्त्व मात्र त्यातही तसेच आहे.

वाचकहो, नानावटींच्या बाजूला लोकांची सहानुभूती होती. उलट गावाने ज्याला आधीच गुन्हेगार ठरविले आहे, अशा गरिबाच्या बाजूला कोणीच नसते. हळहळीने सुटका नाही आणि बोभाट्याने शिक्षा नाही, एवढी हमी या क्रमात आहे. खोट्या फिर्यादीत कोणाचेही नाव गोवले जाऊ शकते. त्या दिवशी 'आधी तुम्ही शाबीत करा' असे सरकारला म्हणण्याचा हक्क, हाच त्याचा पहिला वकील असतो.