आकडे आहेत, विद्या कोठे?

मंद्रूपच्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने पाऊस व ज्वारीचे उत्पादन यांचे वीस वर्षांचे आकडे जमविले, तरी संगणकावर ते नीट मांडून पडताळण्याची विद्या त्याला कोण देणार? १९९१ साली सुरू झालेल्या ‘इन्फ्लिबनेट’ने विद्यापीठांची ग्रंथालये जोडली, हे खरे, परंतु माहिती हाती येणे निराळे आणि ती हाताळता येणे निराळे. लंडनच्या सिटी विद्यापीठात २०१५ साली ग्रंथपालांसाठीच असे वर्ग भरले. त्यांतून ‘लायब्ररी कार्पेंट्री’ देशोदेशी पसरली. एकट्या महाविद्यालयाला स्वतंत्र शिक्षक परवडत नसेल, तर सोलापूर जिल्ह्यातील चार ग्रंथालयांनी मिळून एक नेमावा व पाळीपाळीने वर्ग भरवावेत. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा रंगनाथन यांचा १९३१ चा नियम आकड्यांनाही लागू आहे.