सैनिकांच्या मुलांचे शिक्षण : लोकसभेपासून शाळेच्या दप्तरापर्यंत

ढाक्यातील पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबर १९७१ रोजी, लोकसभेत एक महत्त्वाची घोषणा करण्यात आली. युद्धात धारातीर्थी पडलेल्या, बेपत्ता झालेल्या वा अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांच्या शिक्षणशुल्काचा भार शासन उचलील, असे तिचे स्वरूप होते. १९७२ पासून ही सवलत अमलात आली. जुलै २०१७ पासून तिला दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली, तेव्हा नौदलप्रमुखांनी स्वतः संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून ही मर्यादा काढण्याची विनंती केली. मार्च २०१८ मध्ये ती रद्द झाली. शासकीय, अनुदानित, सैनिकी अथवा मान्यताप्राप्त शाळेत शिकणाऱ्या मुलांना या सवलतीचा लाभ मिळतो.

हे निर्णय दिल्लीत होतात. त्यांचे दुसरे टोक मात्र माण तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेत असते, आणि ते टोक पक्के नसेल तर वरचा निर्णय कितीही उदार असला तरी खाली पोहोचत नाही.

सातारा जिल्ह्याची लष्करी परंपरा सर्वश्रुत आहे. पहिल्या महायुद्धात शेहेचाळीस जवान गमावणारे अपशिंगे आज ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. जिल्ह्याच्या पूर्वेकडील म्हसवड परिसराची कहाणी थोडी निराळी. हा पर्जन्यछायेचा मुलूख. माणगंगेच्या काठी असूनही येथील शेतकऱ्याला पावसाचा भरवसा नाही. ज्वारी-बाजरी, मेंढरे, मुंबईची वाट आणि सैन्यातील भरती यांवर येथील अनेक घरे उभी राहिली. दुष्काळी घरातल्या तरुणाला सैन्यातील नोकरी म्हणजे मानाबरोबरच महिन्याच्या महिन्याला हाती पडणारा पगार होय.

तथापि हा पगार फार काळ पुरत नाही. शिपाई दर्जाचा जवान साधारणतः पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. मुले त्या वेळी पाचवी-सहावीत असतात, आणि घरात येणारी रक्कम नेमकी तेव्हाच निम्म्यावर येते. म्हणूनच शैक्षणिक साहाय्य हे सैनिक कल्याणाच्या कामातील सर्वांत निकडीचे अंग ठरते. (२०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील चार वर्षांच्या सेवेस निवृत्तिवेतन नाही. येथील विवेचन नियमित सेवेतील सैनिकांपुरते समजावे.)

हे साहाय्य कमी नाही. सेवेत असलेल्या जवानास दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. त्यासाठी मूल त्या वर्षी शाळेत शिकत होते, एवढा मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. हवालदार दर्जापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत अनुदान दिले जाते. पूर्वी ते दरमहा १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते २,००० रुपये करण्यात आले आहे. व्यावसायिक पदवीचे शिक्षण घेणाऱ्या माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी व विधवांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे : मुलांना दरमहा २,५०० रुपये, मुलींना ३,००० रुपये. बारावीत किमान ६० टक्के गुण असावे लागतात आणि अर्ज पहिल्या वर्षातच करावा लागतो. पहिले वर्ष हुकले की शिष्यवृत्ती हुकली. या सर्व कामांत मार्गदर्शन करणारे कार्यालय म्हणजे साताऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. सांगलीतही असेच कार्यालय आहे.

मग अडते कोठे? बहुधा नावात आणि जन्मतारखेत.

जवानाच्या घरी मूल जन्मले की त्याची नोंद पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ने सेवापुस्तकात चढते. ही नोंद जवानाने सांगितलेल्या वा पाठविलेल्या माहितीवरून दूरच्या एखाद्या छावणीतील कारकून इंग्रजीत करतो. इकडे गावात जन्मनोंद होते ती निराळ्या हाताने. सहा वर्षांनी शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव पडते ते तिसऱ्याच हाताने, आणि घरात हाक मारण्याचे नावच तेथे लिहिले गेले तर आश्चर्य नाही. बायकांच्या बाबतीत गुंता अधिक. आपल्याकडे लग्नानंतर सासरी नाव बदलण्याची रीत अनेक घरांत आहे. माहेरची शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, आधारपत्र दुसऱ्या नावाचे आणि नवऱ्याच्या सेवापुस्तकातील नाव तिसरेच, असे होते. जुन्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे, ती गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीसाठी लिहिली म्हणून. सैनिक हयात असेपर्यंत या विसंगतीची कोणाला आठवण होत नाही. तो गेल्यावर विधवेच्या हातातील चार कागद चार माणसांचे असल्यासारखे दिसू लागतात. अनुदानाचा अर्ज त्रुटीसह परत येतो, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार असे हेलपाटे सुरू होतात, आणि एवढ्यात शाळेचे वर्ष संपते.

यावरील उपाय खर्चाचा नाही. जवान रजेवर घरी आला की सेवापुस्तकातील नोंदी, जन्मदाखला व शाळेची नोंद एकत्र ताडून पाहाव्यात. तो सेवेत असेपर्यंत पलटणीतून दुरुस्ती करून घेणे सोपे असते. शाळेच्या रजिस्टरातील चूकही विद्यार्थी शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने सुधारता येते. शाळा सोडल्यावर ती वाट फार बिकट होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशास जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार असल्याने पुढील पिढीचा घोळ कमी होईल. आज शाळेत असलेल्या मुलांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

सैनिक शाळेचा विषय थोडा वेगळा आहे, पण मुदतीची गोष्ट तेथेही तीच. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची ही कल्पना. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात असले तरी तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यातलेच, आणि पुढच्याच वर्षी संरक्षणमंत्रिपद त्यांच्याकडे आले. काश्मीरमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये वीरगती पावलेले कर्नल संतोष महाडिक याच शाळेचे विद्यार्थी होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या.

या शाळेत सहावीच्या प्रवेशासाठी प्रवेशवर्षाच्या ३१ मार्च रोजी मुलाचे वय १० ते १२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते, नववीसाठी १३ ते १५. आरक्षित जागा वगळून उरणाऱ्या जागांपैकी २५ टक्के जागा सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या मुलांसाठी असतात. २०२१-२२ पासून मुलींनाही सर्व सैनिक शाळांत प्रवेश मिळू लागला आहे. पाचवीच्या शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, नववीची मात्र केवळ इंग्रजीतून. म्हसवडकडच्या मराठी शाळेतील मुलाला खऱ्या अर्थाने खुली असलेली संधी सहावीची आहे. शाळेत पाच मुले असोत की पन्नास, त्यांतील कोणाचे वडील सैन्यात आहेत हे गुरुजींना ठाऊक असतेच. अर्ज निघण्याचे दिवस त्या घरात वेळेवर कळवायला हवेत, कारण वडील सीमेवर असतात आणि आजोबांना संगणक येत नाही.

ग्रामपंचायतींच्या हाती तर यादी आयतीच आहे. २०२० साली राज्य शासनाने माजी सैनिकांच्या व सैनिकांच्या विधवांच्या एका निवासी घरास मालमत्ता करातून सूट दिली. तिच्यासाठी आलेल्या अर्जांवरून गावात माजी सैनिकांची घरे किती व कोणती, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदले गेले आहे. त्या यादीची एक प्रत जून महिन्यात मुख्याध्यापकांना द्यावी आणि त्यांनी त्या घरांतील मुलांच्या नोंदी जनरल रजिस्टराशी ताडून पाहाव्यात. सूट घेण्यासाठी ज्यांचा अर्जच आला नाही अशा विधवांची नावे शाळेला बहुधा ठाऊक असतात. ती उलट ग्रामपंचायतीस कळविता येतील.