दीड किलोचा निकाल

२८ जुलै २०२४, बेल्जियममधलं स्पा. फॉर्म्युला वनची शर्यत मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलनं मारली, तीही आपल्याच संघातल्या लुईस हॅमिल्टनला जेमतेम अर्ध्या सेकंदानं मागे ठेवून. चषक देऊन झाला, शॅम्पेनचे फवारे उडून झाले. मग गाडी काट्यावर चढली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चालक धरून आणि इंधन वगळून ती किमान ७९८ किलो भरायला हवी होती. टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल काढल्यावर आकडा आला ७९६.५. दीड किलो कमी! रसेल बाद, हॅमिल्टन विजेता.

हे दीड किलो गेलं कुठं? बहुधा बरंचसं रस्त्यावर सांडलं. बहुतेकांनी दोनदा टायर बदलले, रसेलनं एकदाच. एकाच संचावर तीसहून अधिक फेऱ्या काढल्या आणि तेवढं रबर झिजून गेलं. एरवी यावर एक साधी युक्ती असते. शर्यत संपल्यावर चालक सावकाश एक फेरी मारतो आणि मुद्दाम कडेकडेनं जातो. तिथं सगळ्यांच्या टायरचे झिजलेले तुकडे पडलेले असतात. ते तापलेल्या टायरला चिकटतात आणि गेलेलं वजन थोडंफार भरून येतं. म्हणजे दुसऱ्यांचा कचरा गोळा करून आपली गाडी कायदेशीर करायची! पण स्पाची फेरी सात किलोमीटरची, त्यामुळे तिथं शर्यतीनंतर पूर्ण फेरी न घेता गाड्या लगेच मागे वळवतात. रसेलला कचरा मिळालाच नाही.

हा अपवाद म्हणून सोडून द्यावा, तर मार्च २०२५ मध्ये चीनच्या शर्यतीत फेरारीचा शार्ल लेक्लर्क आणि अल्पीनचा पिएर गासली असे दोघं बाद झाले. मर्यादा तेव्हा ८०० किलो होती, दोघांच्या गाड्या भरल्या ७९९.

तुम्ही म्हणाल, किलो-दीड किलोनं असं काय बिघडतं? हिशेब करून पाहू. या खेळात ढोबळ मानानं दहा किलो वजन म्हणजे एका फेरीला सेकंदाचे तीन दशांश. त्या हिशेबानं दीड किलो म्हणजे फेरीला साडेचार शतांश सेकंद, आणि स्पाच्या ४४ फेऱ्यांना जवळजवळ दोन सेकंद. रसेल जिंकला होता अर्ध्या सेकंदानं. त्याचं वजन शर्यतीत हळूहळू झिजलं, सुरुवातीपासून कमी नव्हतं, हे खरं. तरी काट्याला मोल का आहे ते यावरून कळावं.

वजन वेळ कसं खातं? गाडी पळवायला, थांबवायला, वळवायला जोर लागतो आणि तो वजनाच्या पटीत वाढतो, हे शाळेत शिकलेलंच आहे. मौज पुढे आहे. वळणावर गाडीला धरून ठेवतात ते चार टायर. टायरवर दुप्पट भार टाकला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून थोडी कमी पडते. म्हणजे जड गाडीला वळायला पकड जास्त हवी आणि तिच्या टायरकडे ती त्या प्रमाणात नाही. मग पंख कशाला असतात? विमानाचा पंख उचलतो, या गाडीचा पंख आणि तिचा तळ हवेच्या जोरावर तिला खाली दाबतो. वेग चढला की हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. टायर रस्त्याला घट्ट चिकटतात, पण हवा काही काट्यावर भरत नाही, तिला वळवावंही लागत नाही. भार हवा पण वजन नको, असा हा फुकटचा भार! निदान जवळपास फुकटचा, कारण सरळ रस्त्यावर तोच पंख हवेला अडून वेग खातो.

आता इंधन. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची. कोकण रेल्वे जिथं सुरू होते त्या रोह्याहून रुळावरून निघालात, तर एवढं अंतर कणकवलीच्या थोडं अलीकडे भरतं. या गाड्या ते दीड तासात कापतात. २०१० पासून शर्यत चालू असताना पेट्रोल भरायला बंदी आहे, त्यामुळे सगळं पेट्रोल सुरुवातीलाच पोटात, २०२५ पर्यंत तरी शंभर किलोच्या घरात. पहिल्या फेरीला गाडी शेवटच्या फेरीपेक्षा तीन सेकंद हळू असायची ती याच ओझ्यामुळे. आणि आपण समजतो, चालक आता कुठं रंगात आला!

पेट्रोल जळून जातं. गाडीचं स्वतःचं वजन कसं घटवायचं? पेणहून वडखळकडे निघालात की डोलवीच्या जेएसडब्ल्यू कारखान्यातून निघालेले ट्रेलर दिसतात, त्यांवर साखळ्यांनी जखडलेल्या पोलादी पत्र्याच्या कॉइल. एकेक कॉइल वीस टनांच्या आसपास. शर्यतीला उतरणाऱ्या सगळ्या गाड्या एकावर एक रचल्या तरी एका कॉइलची बरोबरी होणार नाही. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनियमचं २.७, कार्बन फायबरचं जेमतेम १.६. १९८१ च्या मोसमासाठी मॅक्लारेनच्या जॉन बर्नार्डनं गाडीचा मुख्य सांगाडा कार्बन फायबरचा करायचा ठरवला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. ठिसूळ आहे, धडकेत चुरा होईल, म्हणाले. इंग्लंडात कुणी करून देईना, म्हणून अमेरिकेतल्या हर्क्युलिस या अवकाशक्षेत्रातल्या कंपनीकडून तो करवून घेतला. त्याच वर्षी मॉन्झाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी जोरात आदळली, इंजिन तुटून वेगळं झालं, आणि वॉटसन सांगाड्यातून बाहेर पडून चालू लागला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

हा सांगाडा बनतो कसा? पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत डोकावलेल्या माणसाला हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. रबरी साच्यात पीओपीचा पातळ हात मारतात. मग पीओपीत बुडवलेला काथ्या आतून थापत जातात, जिथं मूर्ती वाकते किंवा हात पुढे येतो तिथं जास्त. साचा सोडवला की हाती येते आतून पोकळ, पातळ भिंतीची मूर्ती. नुसतं पीओपी असतं तर टचकन तुटलं असतं, नुसता काथ्या उभा राहिला नसता. दोन्ही मिळून तीच मूर्ती ट्रकमधून खड्डे खात मुंबईला पोचते. शाडूची तेवढ्याच उंचीची मूर्ती उचलून बघा, फरक हातालाच कळेल. कार्बन फायबरच्या गाडीत काथ्याच्या जागी केसाहून बारीक कार्बनच्या तंतूंचं कापड आणि पीओपीच्या जागी रेझिन. साचा तसाच, थर तसेच. फक्त इथं प्रत्येक थराच्या धाग्यांची दिशा ठरवून लावतात, कारण तंतू ओढ सोसतो ती आपल्या लांबीच्याच दिशेनं. मग निर्वात पिशवीत घालून सगळं दाबाखाली भाजतात.

इथवर सरळ आहे. आता खरं आश्चर्य. गाडी मर्यादेपेक्षा हलकी झाली तर बाद होते, मग चांगले संघ तिला मर्यादेच्याही खाली उतरवायला का धडपडतात? कारण मग ते उरलेलं वजन परत भरतात, पण आपल्या मनाप्रमाणे! टंगस्टन घेतात. त्याच्या घन सेंटिमीटरचं वजन १९.३ ग्रॅम, पोलादाच्या जवळपास अडीचपट. त्याचे तुकडे गाडीच्या तळाशी, जमिनीच्या जितकं जवळ जमेल तितकं, बसवतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर भार एका बाजूच्या टायरवर कमी सरकतो, पकड वाढते. वरून पाच किलो काढून तेच पाच किलो तळाला लावले तर काट्याला काही कळत नाही, घड्याळाला कळतं. हलकेपणा विकत घेतात तो वजन कुठं ठेवायचं हे ठरवण्याच्या स्वातंत्र्यासाठी, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. २०११ पासून पुढच्या-मागच्या चाकांवरची वाटणीही नियमानं बांधून टाकली, तरी वर-खालीची गंमत उरलीच.

स्वातंत्र्य आलं की पळवाटाही येतात. १९८२ मध्ये ब्राझीलला नेल्सन पिकेची ब्रॅबम जिंकली. तिच्यात ब्रेक थंड करायच्या नावाखाली पाण्याची टाकी होती. पाणी सुरुवातीलाच उडून जायचं, गाडी हलकी पळायची, आणि वजनाआधी टाकी पुन्हा भरायची. पिके बाद झाला. १९८४ मध्ये टायरेलनं त्यावर कडी केली. शर्यत संपत आली की टाकीत पाणी भरायचं आणि पाण्याबरोबर शिशाचे छर्रे! त्यांना त्या मोसमाच्या निकालांतूनच काढून टाकलं. डोकं दाद देण्यासारखं, काम मात्र सरळ फसवणुकीचं.

आजची धडपड जास्त प्रामाणिक आहे आणि कधीकधी केविलवाणीही. २०२२ मध्ये नवे नियम, मोठी चाकं आली आणि बहुतेक संघांच्या गाड्या मर्यादेच्या वर भरल्या. मर्यादा ७९५ वरून ७९८ केली तरी भागेना. मग काय काढलं असेल? रंग! त्या वर्षी टीव्हीवर अनेक गाड्यांचे जे काळे पट्टे दिसत होते, तो उघडा कार्बन होता. रंगाचे थर खरवडून किलो-दीड किलो वाचवत होते. २०२३ ची मर्सिडीज तर काळीच उतरली.

कोट्यवधी डॉलरचे संघ, मग एखादा भाग पुन्हा हलका करून का घेत नाहीत? इथं वजन आणि विकास यांची गाठ पडते. २०२१ पासून वर्षाच्या खर्चाला मर्यादा आहे, सुरुवातीला ती १४.५ कोटी डॉलर होती. नवं हलकं गिअरबॉक्स-कव्हर करायला जे पैसे जातात, तेच नव्या तळाला किंवा पंखाला हवे असतात. आज तीन किलो घटवायचे की दाब वाढवायचा? दोन्हीतून सेकंदाचा दहावा भाग मिळतो, पण पैसे एकाच कामाला आहेत. त्यात भर म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यातली चाचणीही रेशनवर. आदल्या निकालात पहिल्या असलेल्या संघाला ठरलेल्या वेळाच्या ७० टक्केच मिळतो, दहाव्याला ११५ टक्के. जिंकलात की डोळे थोडे बांधले जातात! २०२३ च्या सुरुवातीला मॅक्लारेन मागे चाचपडत होती. जुलैत ऑस्ट्रियाला तिनं गाडीचा मोठा भाग बदलला आणि लगेच पुढच्यांत आली. २०२४ मध्ये तिनं संघांचं विजेतेपद घेतलं, १९९८ नंतर पहिल्यांदा.

आपल्या मुंबईच्या महिंद्राचा संघ फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या स्पर्धेत २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे. तिथं गणित उलटं होतं. पेट्रोल जळून हलकं होतं, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. पहिल्या पिढीची बॅटरी पूर्ण शर्यत पुरायचीच नाही, म्हणून चालक मध्येच गाडी सोडून दुसऱ्या गाडीत उडी मारायचे! दुसऱ्या पिढीत एक गाडी पुरली, पण चालकासह ९०० किलोच्या गाडीत ३८५ किलो बॅटरी. सांगाडा आणि बॅटरी सगळ्यांना सारखीच मिळते, त्यामुळे वजनातून फारसं काही काढता येत नाही. मग उरतं काय? मोटर आणि तिला सांभाळणारं सॉफ्टवेअर. ब्रेक मारताना किती वीज परत मिळवायची, वळणाआधी पाय कधी उचलायचा, हे ठरवणाऱ्या आज्ञावलीला वजन नसतं. महिंद्राचा पहिला विजय जून २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टनं मिळवला, आणि त्या मोसमात संघ तिसरा आला.

एवढं सगळं करूनही फॉर्म्युला वनच्या गाड्या वर्षागणिक जडच होत गेल्या. २००९ मध्ये किमान वजन ६०५ किलो होतं. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिन आलं आणि ते ६९१ वर गेलं. मग रुंद टायर, मोठी चाकं, कडक धडक-चाचण्या. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्यावरून जाणारी टायटॅनियमची कमान, हेलो, आली. सुमारे सात किलोची, त्यात ती गाडीच्या वरच्या भागात. म्हणजे इंजिनिअरला नको तिथं नको ते वजन. दिसायला वाईट म्हणून चाहत्यांनीही नाकं मुरडली होती. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, आग लागली. कठड्याची पट्टी त्याच्या डोक्यावर येण्याऐवजी हेलोवर आदळली. अर्ध्या मिनिटाच्या आत तो आगीतून स्वतः बाहेर आला. २०२६ च्या नव्या नियमांत गाड्यांचं किमान वजन ८०० वरून ७६८ वर आणलं. लांबी घटवली, रुंदी घटवली, टायर बारीक केले. हेलोला मात्र कुणी हात लावला नाही.