सुक्या मासळीत अळ्या ‘आपोआप’ होतात का?

वसईकडच्या अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत असतात. मळभ आलं, मासळी ओलसर राहिली की तिच्यात अळ्या वळवळू लागतात. ‘नासलं की किडे व्हायचेच,’ असं आपण सहज म्हणून जातो. ॲरिस्टॉटलपासून पुढे दोन हजार वर्षं भलेभले विद्वानही हेच मानत आले.

गैरसमज : कुजलेल्या मासळीतूनच अळ्या जन्मतात.
वस्तुस्थिती : वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं त्या काळात, १६६८ साली, इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी या वैद्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बरण्यांत त्याने मेलेला साप, मासे, वाम आणि वासराचं मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या, काही घट्ट बंद. उघड्या बरण्यांत माशा शिरल्या आणि अळ्या झाल्या. बंद बरण्यांतलंही सगळं सडलं, पण अळी एकही नाही. अळ्या येतात त्या माशीच्या अंड्यांतून. उबदार हवेत ही अंडी दिवसभरातच फुटतात.

गैरसमज : बंद बरणीत हवा नव्हती, म्हणून अळ्या झाल्या नाहीत.
वस्तुस्थिती : ही शंका रास्त होती. म्हणून रेडीने बरण्यांच्या तोंडावर तलम कापड बांधलं. हवा आत खेळू लागली, माशा मात्र बाहेरच राहिल्या. वासाने आलेल्या माशा कापडावर बसल्या, अळ्याही कापडावरच दिसल्या. मांसात एकही झाली नाही.

गैरसमज : न कापलेल्या आंब्यात किडा निघतो, म्हणजे तो आतच तयार होतो.
वस्तुस्थिती : कोयकिड्याची मादी कोवळ्या कैरीवर अंडी घालते. अळी आत शिरते आणि कैरी वाढताना ते छिद्र बुजून जातं. तांदळातले सोंडेही असेच : मादी दाणा कोरून अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते.

गैरसमज : रेडीने वाद संपवला.
वस्तुस्थिती : सूक्ष्मजीव तरी आपोआप होतात, असं पुढेही मानलं जाई. १८६०च्या सुमारास लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस उकळला. हवा आत जाई, धूळ आणि जंतू नळीच्या बाकात अडकत. रस नितळ राहिला. चंबू कलता करून रस त्या बाकापर्यंत नेला, तेव्हा मात्र तो नासला.

मासळी वाळायला वारा हवाच. तेव्हा वारा अडवू नका, माशी अडवा : वाळवणावर बारीक जाळी घाला.