'करतोय', 'करायलो' आणि 'करून राहिलो'

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. नांदेड, बीड, बुलढाणा, जळगाव, कोल्हापूर अशा कुठून कुठून आलेली मुलं-मुली तिथं वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतात. 'काय चाललंय?' असं विचारलं, तर पुण्याचा मुलगा म्हणेल 'अभ्यास करतोय', नांदेडचा म्हणेल 'अभ्यास करायलो' आणि बुलढाण्याचा 'अभ्यास करून राहिलो'. तिन्ही रूपं चालू असलेली क्रिया दाखवतात आणि तिन्हींना व्याकरण आहे. तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत. तो करून राहिला, ती करून राहिली. कुणीही ही रूपं मनाला येतील तशी वापरत नाही. तरी पुस्तकात छापलं जातं ते यातलं एकच, म्हणून बाकीची दोन 'अशुद्ध' ठरतात.

उच्चारांचंही तसंच. 'पाणी'चं 'पानी' आणि 'कोण'चं 'कोन' करणाऱ्याला 'ण' जमत नाही म्हणून हसतात. खानदेश-वऱ्हाडात 'काळा'चा 'काया' आणि 'डोळा'चा 'डोया' होतो. हा बदल शब्दागणिक ठरत नाही, 'ळ'च्या जागी 'य' हा तिथल्या बोलीचा नियमच आहे. याच वळणाच्या बोलीतली बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली आणि मराठीनं ती डोक्यावर घेतली. त्यांच्याच मुलखातला मुलगा वर्गात तसं बोलला की मात्र दुरुस्ती होते.

सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं ते कोल्हापूरकडच्या मुलींना. त्या स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात आणि वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात 'तू मुलगा आहेस का?' हा प्रश्न येतो. 'मी' हे सर्वनाम मराठीत बाईला आणि पुरुषाला एकच आहे. कोल्हापुरी बोलीनं क्रियापदही दोघांना एकच ठेवलं, इतकंच. मला तरी हे रूप फार देखणं वाटतं.

या सगळ्याला आपण गावाकडची भाषा म्हणतो, पण ते खरं नाही. नागपूर २०११ च्या जनगणनेत २४ लाखांचं शहर होतं आणि तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातही 'करून राहिलो' सर्रास ऐकू येतं. भेद शहर आणि खेड्याचा कमी, पुणे-मुंबई आणि उरलेल्या महाराष्ट्राचा जास्त आहे. त्याची मुळं इतिहासात आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली. छापखाना आणि शाळा यांच्यासाठी त्या काळात जी मराठी पक्की झाली, ती मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या, बहुतांशी ब्राह्मण घरांतली होती. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तो १९४८ पर्यंत तिथंच राहिला आणि वरच्या शिक्षणात उर्दूचा वरचष्मा होता. विदर्भ १९५६ पर्यंत हिंदी भाषकांसोबत एका प्रांतात होता. सगळे एका राज्यात आले ते १९५६ सालीच, तोवर प्रमाण मराठीचं माप ठरून गेलं होतं.

आता शहरी मुलांचं बोलणं ऐका. 'मला मदत कर'ऐवजी 'माझी मदत कर'. 'मी तुला म्हणालो होतो'ऐवजी 'मी तुला बोललो होतो'. हे हिंदीच्या वळणानं आलेले व्याकरणातले बदल आहेत. 'कन्फर्म करून अपडेट देतो' यात 'करून' आणि 'देतो' सोडले तर मराठी उरतच नाही. खेड्यातला मुलगा 'कालेजात' म्हणून इंग्रजी शब्दाला मराठी विभक्ती लावतो, शहरातला 'कॉलेजमध्ये' म्हणून शब्द जसाच्या तसा ठेवतो. 'एकोणऐंशी म्हणजे किती?' असं इंग्रजी माध्यमातला मुलगा सहज विचारतो आणि घरात त्याचं कौतुक होतं. भाषा दोन्हीकडे बदलतेय. पण एकाच्या बदलाला आधुनिकपणा म्हणतात आणि दुसऱ्याच्या मूळच्या रूपालाही चूक म्हणतात.

शहराला गावाकडचे शब्द मात्र हवे असतात. 'लय भारी', 'नाद खुळा', 'भावा' आता रीलमधून कोथरूड आणि ठाण्यातही पोहोचलेत. २०१६ च्या 'सैराट' चित्रपटानं करमाळ्याकडची बोली राज्यभर लाडकी केली. पण शब्द उचलणं वेगळं आणि त्या बोलीत गंभीर काही ऐकून घेणं वेगळं. नांदेडचा तो मुलगा मुलाखतीला आपल्या बोलीत लोकप्रशासनावर बोलला, तर ऐकणाऱ्याचं लक्ष मुद्द्यावरून उच्चारांवर जातं. म्हणून तो घरी फोनवर 'जेवायलो' म्हणतो आणि फोन ठेवला की 'जेवतोय'. दोन मराठी सांभाळायचं हे कसब फक्त त्यालाच शिकावं लागतं, पुण्याच्या मुलावर ती वेळ येत नाही.

प्रमाण मराठी हवीच. अर्ज, बातमी, निकालपत्र सगळ्यांना कळेल अशा एका भाषेत असावं, यात वाद नाही. पण ती लिहिण्याची सोय आहे, बोलणाऱ्याची पात्रता मोजण्याची पट्टी नाही. तेव्हा वर्गात किंवा मुलाखतीत समोरचा 'करायलो' म्हणाला, तर शिक्षकांनी आणि साहेबांनी त्याला मध्येच थांबवू नये. त्याला जे सांगायचंय ते आधी पूर्ण ऐकून घ्यावं.