हळदीचा पिंवळा अंश व मेंदूंतील मज्जापेशी

वाशिम-रिसोड भागांत सोयाबीनच्या जोडीस हळदीचें पीक आल्यापासून एक बोलणें शेतकऱ्यांच्या कानीं वारंवार येतें. हळदीच्या अंगीं मेंदू राखण्याचा गुण आहे व म्हातारपणींचें विसराळूपण तिनें टळतें, असें औषधांच्या जाहिराती सांगतात. हळद आपणच पिकवितों. तेव्हां या म्हणण्यांत तथ्य किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

हळदीस पिंवळेपणा देणारें द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. वाळलेल्या हळकुंडांत तें सामान्यतः शेंकडा २ ते ६ असतें. मज्जापेशींस प्राणवायु फार लागतो, आणि त्याच्या ज्वलनांतून निघणारीं दाहक द्रव्यें त्या पेशींनाच जाळीत असतात. कर्क्युमिन हा दाह शमवितें, असें काचपात्रांतील पेशींवर दिसून आलें आहे. अमेरिकेंत २००१ सालीं स्मृतिभ्रंशासारखी विकृति असलेल्या उंदरांस तें चारलें असतां त्यांच्या मेंदूंत साठणारें घातक प्रथिन कमी झालें.

अडचण येते ती माणसाच्या पोटांत. खाल्लेल्या कर्क्युमिनचा फारच थोडा अंश रक्तांत उतरतो. मिऱ्यांतील पायपरीन सोबत दिल्यास तो वीसपट वाढतो, असें बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांत १९९८ सालीं आढळलें. तरीहि हाँगकाँग येथें ३४ रुग्णांवर सहा महिने कर्क्युमिनची चाचणी करून कांहीं लाभ दिसला नाहीं (२००८). पुढें लॉस एंजेलिस येथें रक्तांत सहज उतरणारें कर्क्युमिन ४० जणांवर अठरा महिने योजून पाहिलें, तेव्हां स्मरणशक्ति सुधारली (२०१८); परंतु ते मुळांत स्मृतिभ्रंशाचे रोगी नव्हते. शिवाय चाळीस माणसांवरून निर्णय करणें म्हणजे एका वाफ्यावरून तालुक्याची आणेवारी काढणें होय. भाजींतली चिमूटभर हळद निर्धोक. जहाल गोळ्यांनीं मात्र कित्येकांच्या यकृतास सूज आल्याची नोंद आहे.

लाभ असा अनिश्चित, पण त्याच हळदींतून होणारी एक हानि निश्चित आहे. रंग खुलावा म्हणून कांहीं ठिकाणीं हळकुंडांस लेड क्रोमेट चोळतात. त्यांत शिसें असतें, आणि शिसें हें लहान मुलांच्या मेंदूचें वैरी. त्यानें खुंटलेली बुद्धि पुन्हां वाढत नाहीं. भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका येथील ३५६ नमुन्यांची पाहणी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं शेंकडा १४ नमुन्यांत ग्रॅममागें २ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसें निघालें. पाटण्याचे कांहीं नमुने तर फारच दूषित होते. बांगलादेशांत ही खोड पुरानें काळवंडलेला माल खपविण्याच्या खटपटींतून लागली. तेथें सरकारनें बाजारांत छापे घालून दंड केले, आणि २०१९ सालीं शेंकडा ४७ नमुन्यांत असलेली भेसळ २०२१ सालीं शून्यावर आली.

आपल्याकडेहि वाळवणावर अवकाळी पाऊस पडला कीं हळकुंड काळवंडतें, भाव उतरतो, आणि पुडीचा मोह तेथेंच उत्पन्न होतो. शिजवणी झाल्यावर वाळवण मातीवर न टाकतां ओट्यावर किंवा ताडपत्रीवर करावें व झांकण्याची दुसरी ताडपत्री जवळ असूं द्यावी. ढोलांत घोळतांना शेवटच्या पाळीस पाण्यांत कालविलेली घरचीच हळदपूड शिंपडली, तरी हळकुंडास पुरेसा रंग चढतो.