वैशाखांतील घरची फुलबाग

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी लोकांनीं आपल्या कसबानें बांधलेले मालगुजारी तलाव १९५१ सालीं मालगुजारी संपल्यानंतरही गांवोगांव उभे आहेत. तथापि वैशाख लागला म्हणजे लहान तलावांचा तळ दिसूं लागतो, विहिरी खोल जातात, पारा ४२-४३ अंशांवर चढतो, आणि जेथें कालव्याचें पाणी नाहीं तेथें धानाच्या बांध्या भेगाळून पडतात. अशा दिवसांत घरामागील सांदवाडींत फुलझाडें राखणें ही चैन होय, असें पुष्कळ शेतकरी समजतात. घरांतील बायामाणसांनीं दुरून आणलेलें पाणी फुलांस घालावें, असें आम्हीही म्हणणार नाहीं. परंतु वैशाखांतील फुलें वैशाखाच्या पाण्यापेक्षां पौषांतील ताणावर व छाटणीवर अधिक अवलंबून असतात, हें ध्यानांत घेतल्यास ही अडचण बरीच दूर होते.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यांतील संत्रेबागाइतदार झाडांचें पाणी कांहीं आठवडे तोडून बहार धरतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. मोगऱ्याचें तंत्र तेंच. महसूल खात्याच्या नोकरींत साकोली, लाखांदूर व पवनी या बाजूंचीं अनेक गांवें आम्हांस पाहतां आलीं. जेथें उन्हाळ्यांत मोगरा बहरलेला असे, तेथें हिंवाळ्यांत त्यावर कात्री चाललेली असे, असें चौकशीअंतीं दिसून येई.

मोगरा. मार्गशीर्षाच्या अखेरीस पाणी बंद करावें. तीन-चार आठवड्यांनीं पानें गळूं लागलीं म्हणजे झुडूप जमिनीपासून सुमारें हातभर ठेवून छाटावें. रोगट व वाळलेल्या काड्या मुळाशीं काढाव्या. नंतर बुंध्याभोंवतीं आळें करून झाडामागें ८ ते १० किलो कुजलेलें शेणखत घालावें व पाणी सुरू करावें. मोगऱ्यास फुलें नव्या फुटीवरच येतात. न छाटलेलें झाड पानांनीं दाट दिसतें, पण फुलांस कंजूष असतें. छाटणीनंतर दोन-अडीच महिन्यांनीं कळ्या धरतात व ज्येष्ठापर्यंत फुलें मिळतात. सिहार जमिनींत तलावाचा गाळ थोडा मिसळल्यास ओल टिकते. मात्र पावसाळ्यांत बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये. कळ्या जांभळट होऊन गळूं लागल्यास आंत पोखरणारी अळी आहे असें समजावें, तशा कळ्या वेंचून जाळाव्या व निंबोळीचा ५ टक्के अर्क फवारावा.

थोड्या पाण्यावरचीं झाडें. बोगनवेल ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील. १७६७ सालीं ब्राझीलमध्यें ती फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या सफरींत आढळली, त्यावरून हें नांव पडलें. आपण जिला फूल म्हणतों तीं खरें पाहतां रंगीत पानें होत. ताण बसल्यावर ती अधिकच बहरते. पांढरा चाफा तर पानें झडलेल्या फांदीवरही फुलतो. अति पाण्यानें उलट त्याचीं मुळें कुजतात. मधुमालतीचें फूल सायंकाळीं पांढरें उमलतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी व पुढें लाल होतें. एकदां मूळ धरल्यावर तिलाही फारसें पाणी लागत नाहीं. कण्हेरही उन्हाळा सोसते, परंतु तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. चाऱ्याची टंचाई असतां जनावर भलतीकडे तोंड घालतें, म्हणून गोठ्याजवळ कण्हेर लावूं नये व तिची छाटलेली फांदी उकिरड्यावरही टाकूं नये.

पाण्याचा हिशेब. पांच माणसांच्या घरांत स्नानास दर माणशीं १५ लिटरची एक बादली धरली, तर रोज ७५ लिटर पाणी न्हाणींतून वाहून जातें. चार दिवसांचें तें ३०० लिटर होतें. मोगऱ्याच्या झाडास चौथ्या दिवशीं १० लिटर दिल्यास ३० झाडें या वायां जाणाऱ्या पाण्यावर जगतात. न्हाणीच्या तोंडाशीं वाळूचा खड्डा करून कडेला कर्दळ लावावी. साबणाचें पाणी तिनें आधीं घ्यावें व उरलेलें पाटानें पुढें जावें. कपडे धुण्याच्या सोड्याचें पाणी मात्र त्यांत सोडूं नये. आळ्यांत चार बोटें जाड धानाचें तणीस पसरावें व पाणी सूर्यास्तानंतर द्यावें.

सध्यां मोगरा छाटण्याची वेळ नाहीं. ज्यांचीं झाडें यंदा फुललीं नाहींत त्यांनीं पौषाची वाट पाहावी. परंतु निशिगंधाचे कंद आतां लावतां येतील. त्यांस सुमारें तीन-साडेतीन महिन्यांनीं फुलें येतात व एकदां लावलेली लागण तीन वर्षें टिकते. चाफ्याची फांदीही याच दिवसांत तोडून, चीक वाळेपर्यंत सावलींत ठेवून, लावावी. लग्नसराईंत बाजारांतून गजरे आणणाऱ्या शेतकरी बंधूंनीं न्हाणीच्या पाटावर मोगऱ्याचीं निदान पांच झाडें लावून पाहावीं. त्यांकरितां विहिरींतून एक घागरही जास्त काढावी लागणार नाहीं.